लोकांच्या नावानं : न्यायालयं, वकील आणि कायद्याचं राज्य (१९६७ ते १९७८)



आजचा विषय आहे लोकानुनय आणि कायद्याचं राज्य. हा विषय जगभरचा आहे. हंगेरी, पोलंड, तुर्कस्तान अशा कितीतरी देशांबद्दल गेल्या दहा-पंधरा वर्षांत याच अंगानं लिहिलं गेलं आहे. पण आज आपण आपल्याच देशातल्या अकरा-बारा वर्षांकडे पाहणार आहोत. त्या काळाची निकालपत्रं, संसदेतली भाषणं, शहा आयोगाचा अहवाल, सगळं आता उघड आहे. शिवाय आमच्या पिढीनं हा काळ तरुणपणी पाहिला आहे, आणि तो पाहिलेले लोक आता कमी होत चालले आहेत. तेव्हा सांगून ठेवलेलं बरं.

आधी शब्दाचा अर्थ नक्की करू. लोकानुनय म्हटलं की वर्तमानपत्रांत कर्जमाफी, फुकट वीज असा अर्थ घेतात. आज तो अर्थ बाजूला ठेवू. यान-व्हेर्नर म्युलर या जर्मन अभ्यासकानं जो अर्थ मांडला आहे तो आपल्या कामाचा आहे. त्याचं सार असं : ‘खरे लोक’ एकच आहेत, त्यांची इच्छा एकच आहे, आणि ती इच्छा फक्त आम्हालाच कळते, हा दावा म्हणजे लोकानुनय. हा दावा एकदा मान्य केला की जो कोणी मध्ये येईल, मग तो न्यायाधीश असो, वकील असो किंवा पत्रकार, तो आपोआप लोकांचा शत्रू ठरतो.

आता आपल्या मराठी मनात न्यायाधीशाचं चित्र कोणतं आहे? रामशास्त्री प्रभुण्यांचं. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरवलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. शाळेच्या पुस्तकापासून हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे आहे. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोगच त्यातून आला. पण या चित्रात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. एका बाजूला न्यायाधीश, दुसऱ्या बाजूला सत्ताधीश, आणि लोक न्यायाधीशाच्या बाजूनं. रामशास्त्री पुण्यातून बाहेर पडले तेव्हा त्यांना कोणी ‘रयतेचा शत्रू’ म्हटलं नाही. उलट रयतेला ते आपले वाटले.

लोकानुनयात नेमकं हेच उलटं होतं. सत्ताधीश म्हणतो, मी म्हणजेच लोक. मग न्यायाधीश उभा राहतो तो एका माणसाविरुद्ध नाही, तर लोकांविरुद्ध, निदान तसं दिसतं. रामशास्त्र्यांना ही अडचण नव्हती.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात या अडचणीचं एक जुनं उदाहरण आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. इ. स. पू. ४०६ मध्ये अथेन्सच्या आरमारानं आर्गिनुसीची लढाई जिंकली, पण वादळामुळे बुडणारे खलाशी वाचवता आले नाहीत. सेनापतींवर खटला झाला. प्रत्येकाचा खटला स्वतंत्र चालवायचा, असा रिवाज होता. सभेपुढे ठराव आला की सगळ्यांचा निकाल एकाच मतदानात लावा. हे बेकायदा आहे, असं कोणी म्हणताच जमाव ओरडला की लोकांना हवं ते करू न देणं हाच अन्याय आहे. सभा चालवणाऱ्या समितीला धमक्या आल्या आणि ती नमली. एकट्या सॉक्रेटिसानं ठराव मताला टाकायला नकार दिला. सहा सेनापतींना देहदंड झाला. पुढे त्याच लोकांना पश्चात्ताप झाला आणि ज्यांनी त्यांना चिथावलं होतं त्यांच्यावर त्यांनी खटले भरले. पण मेलेली माणसं परत आली नाहीत.

ही दोन चित्रं मनात ठेवून आता भारताकडे येऊ. इथे सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आपला इतिहास एकांगी होईल. न्यायालयांविरुद्धची तक्रार हवेतून आलेली नव्हती. तिच्यात तथ्य होतं.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी नष्ट करायचे कायदे झाले आणि जमीनदार कोर्टात गेले. पाटणा उच्च न्यायालयानं १९५१ साली बिहारचा कायदा रद्द केला. नेहरू संसदेत वैतागून म्हणाले होते की आपण रचलेली ही भव्य घटना वकिलांनी पळवून नेली आहे. मग पहिली घटनादुरुस्ती आली, नववं परिशिष्ट आलं. त्या परिशिष्टात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात आव्हान देण्यापलीकडे गेला. म्हणजे पहिली फट पडली ती नेहरूंच्या काळात, आणि ती पडली एका चांगल्या कामासाठी. हे आपण विसरू नये.

१९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितलं की संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. त्या वेळी मूलभूत हक्कांत मालमत्तेचा हक्कही होता. आणि काय झालं बघा. हा निकाल देणारे सरन्यायाधीश कोका सुब्बा राव काही आठवड्यांतच राजीनामा देऊन विरोधी पक्षांतर्फे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. कायद्यानं त्यात काही वावगं नव्हतं. पण न्यायाधीश राजकारणातच आहेत, असं म्हणू पाहणाऱ्यांच्या हातात त्यांनी कोलीत दिलं.

मग १९६९. जुलैमध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. ज्या शेतकऱ्यानं बँकेची पायरी कधी पाहिली नव्हती, त्याला ही आपली बाजू वाटली, आणि त्यात नवल नव्हतं. फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहा विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला. अर्जदार आर. सी. कूपर यांची बाजू मांडली होती मुंबईच्या नानी पालखीवालांनी. विरोधात गेलेलं एकमेव मत न्यायमूर्ती अजितनाथ राय यांचं होतं. हे नाव लक्षात ठेवा.

आता इथे एक बारकावा आहे. बँका सरकारनं घेऊच नयेत असं न्यायालयानं म्हटलं नव्हतं. नुकसानभरपाईची पद्धत आणि याच चौदा बँकांना वेगळी वागणूक का, हे आक्षेप होते. सरकारनं चार दिवसांत नवा अध्यादेश काढला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. म्हणजे धोरण थांबलं नाही, त्याची रीत बदलावी लागली. पण सभांमधून जे सांगितलं गेलं ते वेगळंच होतं. सरकार गरिबांसाठी काही करू पाहतं आणि श्रीमंतांचे वकील अन् म्हातारे न्यायाधीश ते अडवतात, असं ते चित्र होतं. डिसेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचा आदेशही न्यायालयानं रद्द केला आणि हे चित्र पक्कं झालं. त्याच महिन्यात लोकसभा बरखास्त झाली.

१९७१ची निवडणूक. ‘गरिबी हटाव’ची घोषणा भिंतीभिंतीवर होती. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. ती घोषणा खोटी वाटण्याचं काही कारण नव्हतं. गरिबी समोर दिसत होती. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला लोकसभेत ३५२ जागा मिळाल्या. इथून युक्तिवादाची भाषा बदलली. आधी म्हटलं जात होतं की न्यायालयाचा अमुक निकाल चुकला. हे म्हणण्याचा हक्क सगळ्यांना आहे. आता म्हटलं जाऊ लागलं की लोकांनी कौल दिला आहे, आता न्यायालयानं विचारायचंच कशाला? या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे. पंचविसाव्या घटनादुरुस्तीत ते अंतर स्पष्ट दिसतं. संपत्तीच्या न्याय्य वाटपासाठी केलेल्या कायद्याला समतेच्या किंवा स्वातंत्र्याच्या हक्काचा अडसर येणार नाही, हा त्या नव्या कलमाचा पहिला भाग. त्यावर वाद होऊ शकतो. पण दुसरा भाग सांगत होता की कायद्यात ‘हा त्या हेतूसाठी आहे’ एवढं लिहिलं की तो खरंच त्या हेतूसाठी आहे का, हे कोणत्याही न्यायालयाला विचारता येणार नाही. म्हणजे औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लावायची, आणि आत काय आहे हे बघायला बंदी.

हाच प्रश्न केशवानंद भारती खटल्यात आला. तेरा न्यायाधीश, ६८ दिवस युक्तिवाद. एका बाजूला पालखीवाला, दुसऱ्या बाजूला केरळतर्फे होरमसजी सीरवाई, महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ता. दोघंही मुंबईचे, दोघंही पारशी, दोघंही अव्वल. सीरवाईंचं मत होतं की घटना बदलण्याचा संसदेचा अधिकार व्यापक आहे. हे ते मनापासून म्हणत होते, कोणाला खूश करायला नव्हे. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी निकाल लागला. संसदेला घटना बदलता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. आणि त्या पंचविसाव्या दुरुस्तीतला तो दुसरा भाग, न्यायालयाला विचारायला बंदी करणारा, रद्द झाला. चिठ्ठी राहू द्या, पण बाटली उघडून बघायचा हक्क आम्ही सोडणार नाही, असाच त्याचा अर्थ.

दुसऱ्याच दिवशी, २५ एप्रिलला, जाहीर झालं की पुढचे सरन्यायाधीश अजितनाथ राय. न्यायमूर्ती शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघं त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ होते. तिघंही केशवानंद निकालात बहुमताच्या बाजूनं होते आणि राय अल्पमतात. तिघांनी राजीनामे दिले. देशभरच्या वकिलांनी निषेध केला. लोकसभेत या निवडीचं समर्थन केलं ते मोहन कुमारमंगलम यांनी. ते स्वतः नाणावलेले वकील होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की न्यायाधीश हा काही यंत्र नाही, त्याला जीवनदृष्टी असते, आणि सरन्यायाधीश निवडताना ती दृष्टी काळाच्या वाऱ्याशी जुळते का हे सरकारनं पाहायला हवं. त्यातूनच ‘बांधिलकी मानणारी न्यायव्यवस्था’ हा शब्दप्रयोग गाजला.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला या युक्तिवादाचा पूर्वार्ध मान्य आहे. न्यायाधीशाला दृष्टी असतेच. जो म्हणतो मला नाही, त्याची तपासावी. पण उत्तरार्ध घसरतो. वारा कुठून वाहतो हे ठरवणार कोण? ज्याच्याविरुद्ध खटले चालायचे आहेत, तोच. सेवाज्येष्ठता हा नियम तसा नीरस आहे. हुशारीशी त्याचा संबंध नाही. पण त्यात कोणाची मर्जी राखावी लागत नाही, हाच त्याचा गुण. आणि अशा निर्णयाचा खरा परिणाम जे तिघं निघून गेले त्यांच्यावर होत नाही. तो होतो मागे जे राहतात त्यांच्यावर. यापुढे प्रत्येक मोठा निकाल लिहिताना त्यांच्या मनात एक जास्तीची ओळ उमटत राहते, जी कागदावर कधीच दिसत नाही.

आता १९७५. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची रायबरेलीतली निवड रद्द केली. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाची मदत घेणं, सभेचं व्यासपीठ आणि वीज यासाठी सरकारी यंत्रणा वापरणं, हे दोष होते. किरकोळ आहेत असं अनेकांनी म्हटलं. असतीलही. पण कायदा तोच होता जो इतर उमेदवारांना लागू होता. निकालानंतर पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर रोज मेळावे भरवले गेले. त्यासाठी सरकारी बसगाड्या वापरल्याचं पुढे शहा आयोगानं नोंदवलं. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी ‘इंदिरा म्हणजे भारत’ अशी घोषणा दिली. म्युलरची व्याख्या यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयात पंतप्रधानांतर्फे स्थगिती मागायला कोण उभे राहिले? पालखीवालाच. वकिली धर्म म्हणजे हाच. ज्या सरकारशी सहा वर्षं कोर्टात झगडलो, त्याच्या प्रमुखाचंही वकीलपत्र घ्यायचं, कारण बाजू मांडली जाण्याचा हक्क सगळ्यांना आहे. २४ जूनला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली आणि पालखीवालांनी वकीलपत्र परत केलं. तोही वकिली धर्मच. न्यायालयात लढणाऱ्या पक्षकारानं न्यायालयाचाच दरवाजा लावायला घेतला, तर त्याच्या बाजूनं बोलायचं कुठे आणि कशासाठी?

ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा प्रश्नच न्यायालयाबाहेर काढला गेला. ७ तारखेला लोकसभा, ८ला राज्यसभा, ९ला राज्यांच्या विधानसभा, १०ला राष्ट्रपतींची सही. ११ला खटल्याची सुनावणी होती. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम रद्द केलं, पण दरम्यान निवडणूक कायदाच पूर्वलक्षी पद्धतीनं बदलला होता, त्यामुळे निवड वैध ठरली.

या काळात मुंबईच्या वकिलांनी काय केलं ते सांगण्यासारखं आहे. घटनेखालचं नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर बंद सभागृहात, फक्त वकिलांची, निमंत्रितांची बैठक घ्यायचं त्यांनी ठरवलं. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील उच्च न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती तुळजापूरकरांच्या खंडपीठानं तो मनाई हुकूम रद्द केला. आणीबाणीत, मुंबईत. मोर्चा नाही, दगडफेक नाही. एक अर्ज, एक निकाल.

मिसाखाली स्थानबद्ध केलेल्यांचे हेबियस कॉर्पस अर्ज देशभरच्या उच्च न्यायालयांत येत होते. या अर्जाचा अर्थ अगदी साधा असतो : आमचा माणूस कुठे आहे, कोणत्या कायद्यानं धरला आहे, हजर करा. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं, आणीबाणी असली तरी अटक निदान मिसा कायद्याप्रमाणे झाली आहे का, एवढं आम्ही पाहू. याला जुना आधार होता, आणि त्यातला एक तर थेट महाराष्ट्रातला. १९६२नंतरच्या आणीबाणीत प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं मराठी पुस्तक लिहिलं. हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवायला सरकारनं नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानं १९६५ साली सांगितलं की पुस्तक बाहेर पाठवू नये असा नियमच नाही, तेव्हा अडवता येणार नाही. युद्धाच्या काळातही एक स्थानबद्ध माणूस अणूवरच्या पुस्तकासाठी सरकारला प्रश्न विचारू शकत होता.

दहा वर्षांनी तो प्रश्न विचारणं महाग पडू लागलं. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात ऐकणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली आणि अगरवाल यांना परत खालच्या न्यायालयात पाठवलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या.

उच्च न्यायालयांच्या निकालांविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. स्थानबद्धांच्या बाजूनं शांतिभूषण, सोली सोराबजी यांच्यासारखे वकील उभे होते, आणि आपले सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडेही. तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, रॉयवादी. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं : एखाद्या पोलिसानं निव्वळ वैरापोटी कोणाला ठार मारलं, तरी आणीबाणीत त्यावर इलाज नाही का? डे यांचं उत्तर असं की जोवर आणीबाणी आहे तोवर नाही. ते असंही म्हणाले की याचा तुमच्या सदसद्विवेकाला धक्का बसेल, माझ्याही बसतो.

२८ एप्रिल १९७६ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. कोणालाही न्यायालयात दाद मागता येणार नाही. चौघांमध्ये सरन्यायाधीश राय होते, बेग होते, भगवती होते आणि पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. एकटे खन्ना विरोधात. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. सॉक्रेटिसाचं उदाहरण आम्ही का सांगितलं ते आता लक्षात आलं असेल.

आता या सगळ्याचा हिशेब मांडू. न्यायालयाचा दरवाजा अरुंद करायला सुरुवात झाली ती गरिबांच्या नावानं, जमीनदार, बँकमालक आणि संस्थानिक यांच्याविरुद्ध. शेवटी तो लागला कोणावर? एक लाखाहून अधिक माणसं आणीबाणीत तुरुंगात गेली, त्यांत संस्थानिक थोडेच होते. आणि तुरुंगाबाहेरही पाहा. जानेवारी १९७६ मध्ये बार्शीच्या नसबंदी मोहिमेत कामासाठी गावात आलेल्या शेतकऱ्यांना गाड्यांत घालून नेल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही, एवढंच. तो बार्शीचा शेतकरी हाच तर ‘लोक’ होता, ज्याच्या नावानं सगळं चाललं होतं. त्याला विचारायला जागा नव्हती. वर्तमानपत्रावर सेन्सॉर, सभेला बंदी, आमदार त्यांचेच, आणि न्यायालयानं हात वर केलेले. श्रीमंताला कायदा नसला तरी पैसा असतो, ओळख असते. गरिबाला कायदा नसला की काहीच नसतं.

मार्च १९७७ मध्ये लोकांनी इंदिरा गांधींना आणि संजय गांधींना हरवलं. १९७१ मध्ये ज्यांनी ३५२ जागा दिल्या, तेच लोक. आणि जानेवारी १९८० मध्ये त्याच लोकांनी इंदिरा गांधींना पुन्हा सत्तेवर आणलं. नऊ वर्षांत तीन वेगळी उत्तरं. मग ‘लोकांची इच्छा’ म्हणजे यातली कोणती? आम्हाला विचाराल तर तिन्ही. लोक मत बदलतात, हा त्यांचा हक्क आहे. तो हक्क शाबूत ठेवायचा तर मधल्या काळात काही गोष्टी कोणाच्याही हाताला लागता कामा नयेत. निवडणूक नियमाप्रमाणे व्हावी, धरलेल्या माणसाला हजर करावं, न्यायाधीशाला निकालासाठी शिक्षा होऊ नये. कायद्याचं राज्य हे लोकांच्या विरुद्ध नसतं. आजच्या लोकांपासून उद्याच्या लोकांचा हक्क ते राखून ठेवतं.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी झाली असती. पण जिंकलेल्यांची परीक्षा बाकी होती. जनता सरकारनं सत्तेवर आल्याबरोबर काँग्रेसच्या ताब्यातल्या नऊ राज्यांतल्या विधानसभा बरखास्त केल्या. कारण काय, तर लोकसभेत लोकांनी त्यांना नाकारलं आहे. युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? सर्वोच्च न्यायालयानं त्याला हरकत घेतली नाही.

दुसरी परीक्षा १९७८च्या सुरुवातीची. बेग निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेनं पाळी होती चंद्रचूडांची, म्हणजे हेबियस कॉर्पस खटल्यातल्या बहुमतातल्या न्यायाधीशाची. मुंबईतल्या नामवंत वकिलांनी आणि नागरिकांनी निवेदन काढलं की यांना सरन्यायाधीश करू नका, त्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं निकाल दिला नाही. लोकभावना त्या बाजूनं होती. निवेदन काढणाऱ्यांत आणीबाणीविरुद्ध धैर्यानं उभी राहिलेली माणसं होती. त्यांचा राग खरा होता. पण मागणी काय होती पाहा. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशाला डावला. १९७३ मध्ये हेच झालं होतं, १९७७ मध्ये खन्नांच्या बाबतीत हेच झालं होतं.

कायदामंत्री होते शांतिभूषण. त्या खटल्यात हरलेले वकील. अलाहाबादला राजनारायण यांच्यातर्फे लढलेलेही तेच. चंद्रचूडांवर रागवायचा हक्क कोणाला असेल तर त्यांना. त्यांनी ज्येष्ठतेचा नियम मोडू दिला नाही. फेब्रुवारी १९७८ मध्ये चंद्रचूड सरन्यायाधीश झाले. पुढे १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात, घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही असं सांगणारी बेचाळिसाव्या दुरुस्तीतली कलमं रद्द झाली, तो बहुमताचा निकाल चंद्रचूडांनीच लिहिला. यावरून नियम पाळला की फळ मिळतंच असं कोणी समजू नये. फळ मिळालं नसतं तरी नियम पाळणं बरोबरच होतं. पण जे घडलं ते असं घडलं.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही अशी तरतूद केली. त्याच दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. म्हणजे ज्या हक्कावरून भांडण सुरू झालं तो गेला, आणि ज्याचा त्या भांडणात बळी पडला तो पक्का झाला. सीरवाईंनी, ज्यांनी सरकारी बाजूनं केशवानंद लढवला होता त्यांनीच, आपल्या ग्रंथात हेबियस कॉर्पस निकालावर कडक टीका केली. भगवतींनी २०११ मध्ये त्या निकालाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं तो निकाल चूक ठरवून पुसून टाकला. तसं लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव. एक्केचाळीस वर्षं लागली.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. न्यायालयावर टीका करायची नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, वकिलाची फी परवडत नाही, कोर्टाची भाषा पक्षकाराला कळत नाही. हे जोवर आहे तोवर लोकानुनयाला कच्चा माल मिळत राहणार. ते सुधारलंच पाहिजे. पण कोणी ‘लोकांना हे हवं आहे’ असं म्हणून न्यायालयाची एखादी चौकशीची वाट बंद करायला निघाला, की आपण त्याचा पक्ष कोणता हे पाहू नये. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या हातात उद्या हाच अधिकार गेला तर चालेल का, एवढं स्वतःला विचारावं. शांतिभूषणांनी १९७८ मध्ये बहुधा तेच विचारलं असावं, आणि तेसुद्धा सगळे मित्र उलट बाजूला असताना. रामशास्त्र्यांच्या शेजारी त्या प्रसंगालाही आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात जागा असायला हरकत नाही.

आता आपले प्रश्न घेऊ.